मॅन्ट्सॅलाचं बंड, फिनलंड 1932: एक प्रकरण अभ्यास

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं फसलेलं बंड म्हटलं की आपल्याकडे म्युनिकचं नाव निघतं. नोव्हेंबर 1923, बिअर हॉल, हिटलरने छताकडे झाडलेली गोळी. पण त्याला ‘फसलेलं’ म्हणताना जीभ अडखळते, कारण दहा वर्षांच्या आत तोच माणूस पुढच्या दाराने, कायदेशीर नेमणूक घेऊन आत आला. इथे घेतलेलं प्रकरण त्यापेक्षा खूपच कमी गाजलेलं आहे आणि अभ्यासाला मला ते जास्त उपयोगी वाटतं. फिनलंडमध्ये फेब्रुवारी-मार्च 1932 मध्ये आठवडाभर सशस्त्र बंड चाललं. सरकार पडलं नाही, चकमक झाली नाही, संसद शाबूत राहिली.

या प्रकरणात सार्वजनिक पदांवरची आणि चळवळीची जाहीर नेतेमंडळी तेवढी नावानिशी आहेत. बर्फात बंदूक घेऊन उभे राहिलेले आणि नंतर घरी गेलेले शेतकरी बिनानावाचेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

फिनलंड डिसेंबर 1917 मध्ये रशियापासून स्वतंत्र झालं आणि पुढच्याच महिन्यात तिथे यादवी पेटली. एका बाजूला ‘लाल’, म्हणजे कामगार आणि भूमिहीन. दुसऱ्या बाजूला ‘पांढरे’, म्हणजे जमीनदार शेतकरी, मध्यमवर्ग आणि जुनी नोकरशाही. मे 1918 पर्यंत पांढरे जिंकले. जेमतेम 31 लाखांच्या देशात सुमारे 37 हजार माणसं गेली. त्यातली बारा हजारांच्या आसपास लढाई संपल्यावर, विजेत्यांच्या कैदी छावण्यांत भुकेने आणि रोगाने मेली. एवढं झाल्यावरही 1919 मध्ये देशाने प्रजासत्ताक राज्यघटना स्वीकारली, हरलेल्या बाजूच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला संसदेत बसू दिलं आणि 1926 मध्ये त्यांचं अल्पमतातलं सरकारही चालवून घेतलं. त्या सरकारचे पंतप्रधान व्हॅइनो तान्नेर. मे 1927 मध्ये राष्ट्राध्यक्ष आजारी असताना त्यांच्या जागी याच तान्नेरनी पांढऱ्यांच्या विजयदिनाच्या संचलनाची मानवंदना घेतली. त्यांच्या पक्षातल्या अनेकांना ते झोंबलं. विरुद्ध बाजूलाही सगळ्यांना रुचलं नसेल.

ही झाली जमेची बाजू. वजाबाकीच्या बाजूला तीन गोष्टी होत्या.

एक, सरकारं टिकत नसत. वर्ष, दीड वर्ष चाललं तर पुष्कळ. दोन, यादवीत पांढऱ्यांकडून लढलेली नागरी संरक्षक दलं नंतर विसर्जित झालीच नाहीत. कायद्याने मान्यता घेऊन ती कायमची झाली. 1930 च्या सुमारास त्यांचे सुमारे एक लाख सदस्य होते: गावोगावचे शेतकरी, शिक्षक, दुकानदार, कारकून. सुट्टीच्या दिवशी कवायत, नेमबाजीच्या स्पर्धा, आणि बंदूक हाताशी. देशाच्या शांतताकालीन सैन्यापेक्षा हे दल संख्येने कितीतरी मोठं होतं. तीन, 1919 पासून देशात दारूबंदी होती आणि ती कोणी पाळत नव्हतं. किनाऱ्यावर चोरट्या दारूचा धंदा इतका उघड चाले की ‘हा कायदा आपल्याला लागू नाही’ असं म्हणायची सवय भल्या घरांतही लागली होती. इतिहासकार या तिसऱ्या गोष्टीला फारसं महत्त्व देत नाहीत. मी देईन.

लापुआ चळवळ

नोव्हेंबर 1929 मध्ये ओस्ट्रोबोथनिया प्रांतातल्या लापुआ गावात कम्युनिस्ट तरुणांचा मेळावा भरला. लाल सदरे घालून आलेल्या त्या पोरांना गावकऱ्यांनी बदडून काढलं, सदरे फाडले. त्या मारामारीतून चळवळ उभी राहिली आणि तिला गावाचंच नाव मिळालं. पुढारी विहतोरी कोसोला, त्याच गावचा शेतकरी. मागणी एकच: कम्युनिस्टांवर बंदी.

सुरुवातीला मधले आणि उजवे पक्ष या चळवळीकडे कौतुकाने बघत होते. कम्युनिस्टांचे 23 खासदार होते, शेजारी सोव्हिएत रशिया होता, मंदीने शेतकऱ्यांची शेतं लिलावात निघत होती. ‘पोरं जरा आडदांड आहेत, पण मनाने चांगली आहेत’ असा एकूण सूर. मार्च 1930 मध्ये वासा शहरातला एका डाव्या वर्तमानपत्राचा छापखाना फोडला गेला. मग माणसं उचलण्याचं सत्र सुरू झालं. विरोधकाला गाडीत कोंबायचं, मारायचं आणि सोव्हिएत सीमेवर नेऊन सोडायचं. 5 जुलै 1930 ला तर संसदेच्या घटना समितीची बैठक चालू असताना दोन डाव्या खासदारांना तिथून उचलून नेलं. दोनच दिवसांनी सुमारे बारा हजार शेतकऱ्यांचा मोर्चा हेलसिंकीत आला आणि सरकारातली बडी मंडळी त्याच्या स्वागताला उभी राहिली.

चळवळीचं म्हणणं मानून पंतप्रधानपदी पेर एविंद स्वीनहुवुद यांना आणलं होतं. हे या प्रकरणातलं मुख्य पात्र. पेशाने न्यायाधीश. झारच्या काळात बेकायदा हुकूम मानायला नकार दिला म्हणून 1914 मध्ये त्यांना सायबेरियात धाडलं गेलं. 1917 च्या क्रांतीनंतर परतले आणि त्याच वर्षी स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या सरकारचे प्रमुख झाले. 1918 मध्ये पांढऱ्यांचे पुढारी. कट्टर पुराणमतवादी, बंदुकीचे शौकीन, लोकांत ‘उक्को-पेक्का’, म्हणजे पेक्काआजोबा, या नावाने ओळखले जाणारे.

कम्युनिस्टविरोधी कायद्यांसाठी संसदेत दोन तृतीयांश मतं हवी होती. ती मिळेनात म्हणून संसद बरखास्त करून ऑक्टोबर 1930 मध्ये निवडणूक घेतली. सोशल डेमोक्रॅटांना 200 पैकी 66 जागा मिळाल्या. कायदे अडवायला 67 लागत होत्या. एका जागेने दार उघडलं आणि प्रजासत्ताक संरक्षण कायदा मंजूर झाला: देशात गडबड असताना नागरी हक्कांवर मर्यादा घालण्याचे अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या वटहुकमाला देणारा कायदा. त्या वेळी तो कोणावर चालवायचा याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती.

मग चळवळीने मोठी घोडचूक केली. 14 ऑक्टोबर 1930 ला सकाळी फिरायला निघालेल्या माजी राष्ट्राध्यक्ष स्टॉलबर्ग यांना पत्नीसह हेलसिंकीच्या कुलोसारी भागातून पळवलं गेलं. देशाच्या राज्यघटनेचा आराखडा ज्यांनी केला ते हे गृहस्थ; कम्युनिझमशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता. पूर्वेकडच्या योएनसूपर्यंत नेऊन दोघांना सोडून दिलं. तपासाचा धागा थेट सैन्याच्या मुख्यालयात पोचला: जनरल कुर्ट मार्टी वलेनियस, जनरल स्टाफचा प्रमुख. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, 1931 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. सुटल्यावर तो लापुआ चळवळीचा सचिव झाला.

फेब्रुवारी 1931 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिले ते हेच स्टॉलबर्ग आणि स्वीनहुवुद. तीनशे निर्वाचकांपैकी 151 स्वीनहुवुद यांच्या बाजूने, 149 विरुद्ध. मतदानाआधी धमकावण्या झाल्या होत्या. नागरी संरक्षक दलाचे प्रमुख लाउरी माल्मबर्ग यांनी तर स्टॉलबर्ग निवडून आले तर शांततेची हमी देता येणार नाही, असं बजावलं होतं. म्हणजे 1932 मध्ये ज्यांच्याविरुद्ध बंड होणार होतं, ते राष्ट्राध्यक्ष बंडखोरांच्याच दबावामुळे खुर्चीवर आलेले होते. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे विसरून चालणार नाही.

27 फेब्रुवारी: ओह्कोलाची सभा

मॅन्ट्सॅला हे हेलसिंकीच्या उत्तरेला साधारण साठ किलोमीटरवरचं शेतीवाडीचं गाव. त्याच्या ओह्कोला भागातल्या कामगार सभागृहात शनिवार, 27 फेब्रुवारी 1932 ला सोशल डेमोक्रॅट खासदार मिक्को एरिक यांचं भाषण ठरलं होतं. एरिक मूळचे पुराणमतवादी पक्षातले. बाजू बदललेल्या माणसावर राग जास्त असतो, तसा तो होता. कम्युनिस्ट संपले होते, त्यामुळे चळवळीला नवा शत्रू लागत होता. आता ‘मार्क्सवादी’ या शब्दात सोशल डेमोक्रॅटही बसवले गेले होते.

आसपासच्या गावांतून नागरी संरक्षक दलाचे चारेकशे सशस्त्र सदस्य, म्हणजे संरक्षक, जमले. त्यांनी सभागृहाच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि सभा उधळली. कोणी मेलं नाही. आतापर्यंतच्या रिवाजाप्रमाणे इथे गोष्ट संपायला हवी होती: मंडळी घरी जातात, पोलीस चार जबाब नोंदवतात, वर्तमानपत्रं दोन दिवस भांडतात.

या वेळी मंडळी घरी गेली नाहीत. जमाव तिथेच थांबला, दुसऱ्या दिवशी मागण्या आल्या. गृहमंत्री फॉन बॉर्न आणि उसिमा प्रांताचे गव्हर्नर यालांडर यांना हटवा, म्हणजे सभेला संरक्षण देणाऱ्यांना हटवा. मग पंतप्रधान सुनिला यांच्या सरकारनेच जावं. मार्क्सवादाचा बंदोबस्त करेल असं नवं सरकार हवं. 29 तारखेला चळवळीच्या राष्ट्रीय नेतृत्वाने बंड आपलं म्हटलं. वलेनियस आणि कोसोला पुढे आले, देशभरच्या संरक्षकांना शस्त्रं घेऊन निघण्याचं आवाहन झालं. इतर काही गावांतही माणसं जमू लागली.

अडचण नेमकी कुठे होती

काही हजार माणसं, तीही विखुरलेली, हा लष्करी दृष्टीने मोठा प्रश्न नव्हता. बाकीचे नव्वद हजारांहून जास्त संरक्षक काय करतील, हा खरा प्रश्न होता. ते घरीच होते, रेडिओ आणि वर्तमानपत्रं यांच्याकडे कान लावून. मॅन्ट्सॅलात जमलेली माणसं त्यांचे भाऊबंद होती, 1918 मध्ये एकाच खंदकात बसलेली. सैन्यातले अधिकारीही त्याच मुशीतले. त्यांतले बरेच पहिल्या महायुद्धात जर्मनीत जाऊन लष्करी शिक्षण घेतलेले, वलेनियसचे जुने सोबती. सेनाप्रमुख आर्ने सिह्वो त्यांच्यातलेच एक. माल्मबर्ग तर बंडखोर ज्या दलाचे होते त्याचे प्रमुख, आणि आपल्याच माणसांवर आपली माणसं घालायला ते नाखूश होते. मॅनरहाइम, 1918 चे विजयी सेनानी, संरक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. बंडखोरांना त्यांच्याकडून आशा होती. ते बंडात गेले नाहीत, पण बंडाविरुद्ध जाहीरपणे बोललेही नाहीत.

थोडक्यात, हुकूम देण्याचा अधिकार सरकारकडे होता. तो हुकूम पाळला जाईल का, हे दिल्याशिवाय कळणार नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला, सरकारने राजीनामा द्यायचा. हा ऐकताना वाटतो तितका लाजिरवाणा नव्हता, आणि म्हणूनच तो सगळ्यात धोकादायक होता. फिनलंडमध्ये सरकारं एरवीही पडतच असत. सुनिला गेले असते, कोणी दुसरे आले असते, बाहेरच्या जगाला ते नेहमीचं मंत्रिमंडळ-बदलाचं प्रकरण दिसलं असतं. जुलै 1930 मध्ये नेमकं असंच झालं होतं: चळवळीने रेटा लावला, पंतप्रधान कॅल्लिओ गेले, स्वीनहुवुद आले. बंडखोरांनी तोच हिशेब मांडला होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

दुसरा, सैन्य घालायचं. सिह्वो यांची तयारी होती. तसं झालं तर मॅन्ट्सॅला पडलं असतं यात शंका नाही. पण पहिली प्रेतं पडल्यावर गावोगावचे संरक्षक घरी बसले असते का? चौदा वर्षांपूर्वी यादवी सुरू झाली होती तीही अशाच चकमकींनी.

तिसरा, नुसतं थांबायचं. फिनलंडचा फेब्रुवारी म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. शेतकरी माणूस, घरी गाईगुरं, धारा काढायला बायको एकटी; किती दिवस राहील? युक्तिवाद बरोबर आहे, पण पहिले दोन-तीन दिवस वेळ बंडखोरांच्या बाजूने होता, कारण तेव्हा माणसं येत होती, जात नव्हती.

चौथा पर्याय सरकारच्या हातात नव्हता आणि म्हणून त्याची चर्चा कमी होते. सोशल डेमोक्रॅट आणि कामगार संघटना रस्त्यावर उतरू शकल्या असत्या. 1920 मध्ये बर्लिनमध्ये काप आणि ल्युटविट्झ यांचं बंड सार्वत्रिक संपानेच मोडलं होतं. वीज, रेल्वे, छापखाने बंद पडल्यावर काप यांचा कारभार चार-पाच दिवसांत गुंडाळला. फिनलंडमध्ये हा मार्ग विषाची परीक्षा ठरला असता. संपावर गेलेले कामगार दिसताच ‘लाल पुन्हा उठले’ अशी हाळी गेली असती आणि घरी बसलेले संरक्षक मॅन्ट्सॅलाकडे धावले असते. पक्षाने आपल्या लोकांना आवरून धरलं. पाच वर्षांपूर्वी पांढऱ्यांची मानवंदना घेणाऱ्या तान्नेर यांच्या पक्षाला हे जमलं, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

काय केलं

पुस्तकांत हे बंड ‘एका रेडिओ भाषणाने’ संपलेलं असतं. भाषण महत्त्वाचं होतंच, पण त्याआधी काय झालं याचा क्रम पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

आधी कायदा. 29 फेब्रुवारीला सरकार आणि राष्ट्राध्यक्षांनी प्रजासत्ताक संरक्षण कायद्याचा आधार घेतला आणि चळवळीच्या नेत्यांना पकडण्याचा निर्णय झाला. कम्युनिस्टांसाठी, लापुआच्याच मागणीवरून, एका जागेच्या फरकाने झालेला कायदा पंधरा-सोळा महिन्यांत लापुआवर उलटला. यात काव्यगत न्याय शोधायचा मोह होतो. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारने जाहीरपणे ठरवलं की समोर आहे ते ‘अतिउत्साही देशभक्तांचं आंदोलन’ नसून देशाविरुद्धचा गुन्हा आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा. यामुळे राजीनाम्याचा पर्यायही व्यवहारात बाद झाला.

मग सैन्य. सिह्वो यांनी राजधानीकडे येणाऱ्या वाटांवर तुकड्या लावल्या आणि अधिकारी हुकूम पाळतील याची खातरजमा करून घेतली. बहुतेकांनी पाळला. मॅन्ट्सॅलावर हल्ला मात्र केला नाही. परिणामी बंडखोर होते तिथेच राहिले: हेलसिंकीत घुसता येत नव्हतं, आणि मरून हुतात्मा व्हायलाही कोणी देत नव्हतं.

आणि मग, बुधवार 2 मार्चच्या संध्याकाळी, रेडिओ. फिनलंडच्या नभोवाणीची कंपनी 1926 मध्ये सुरू झालेली. राष्ट्राध्यक्षांचा आवाज शेतकऱ्याच्या ओसरीत ऐकू येणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. भाषण लहान होतं. त्यातल्या चार गोष्टी वेगवेगळ्या बघायला हव्यात.

स्वीनहुवुद म्हणाले की आपण जन्मभर कायद्यासाठी झगडलो, आता कायदा पायदळी तुडवला जाताना आणि नागरिक एकमेकांवर शस्त्र उचलताना बघत बसणार नाही. एरवी हे कुठल्याही राजकारण्याचं वाक्य. सायबेरियात जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडी त्याचं वजन वेगळं होतं आणि ऐकणाऱ्या प्रत्येक संरक्षकाला ते ठाऊक होतं.

दुसरं, देशात शांतता आणण्याची जबाबदारी आपण स्वतः घेतली आहे. यापुढचं प्रत्येक गुप्त कारस्थान कायद्याइतकंच माझ्याविरुद्ध व्यक्तिशः असेल, मी तुमच्याच रांगांतून चाललेला आहे. ज्यांना ‘आपला माणूस’ म्हणून खुर्चीवर बसवलं तो सांगत होता: गोळी झाडायची तर आता ती माझ्यावर झाडावी लागेल.

तिसरं, जे साधे संरक्षक घरी परततील त्यांना शिक्षा होणार नाही. पुढारी या अभयात नाहीत. या एका वाक्याने जमावाचे दोन भाग झाले. शनिवारी आवेशात आलेल्या आणि बुधवारपर्यंत गारठलेल्या माणसाला परतायची वाट मिळाली. कोसोला आणि वलेनियस यांच्यासाठी मात्र ती वाट नव्हती, आणि त्यांच्यासाठी तो तिथेच बसून राहिला तर त्याचीही बंद होणार होती.

चौथं, राष्ट्रीय जीवनातले दोष दूर करू, पण कायद्याच्या चौकटीत. तक्रार खोटी आहे असं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून माणसं पांगू लागली. माल्मबर्ग यांच्याकडूनही संरक्षकांना घरी जाण्याचे आदेश गेले. पुढाऱ्यांमध्ये लढायचं की थांबायचं यावर ओढाताण झाली. लढायला माणसंच उरेनात तेव्हा ती आपोआप मिटली. 6 मार्चपर्यंत सगळं संपलं होतं. कोसोला आणि वलेनियस अटकेत होते.

निष्पत्ती

मार्च 1932 मध्येच लापुआ चळवळीवर बंदी आली. खटला तुर्कू इथे चालला. शिक्षा सौम्य झाल्या: वलेनियसला वर्षभराची, कोसोलाला नऊ महिन्यांची, इतर अनेकांना त्याहून कमी किंवा स्थगित. दारूबंदीही त्याच वसंतात, 5 एप्रिल 1932 ला उठली.

जून 1932 मध्ये बहुतेक तीच मंडळी नव्या पाटीखाली आली: देशभक्त जनता चळवळ, फिनिश आद्याक्षरांनी आयकेएल. काळे सदरे, निळे टाय. फरक एवढाच की आता निवडणुका लढवायच्या. 1933 मध्ये पुराणमतवादी पक्षाशी युती करून त्यांना 14 जागा मिळाल्या, 1936 मध्ये स्वबळावर 14, 1939 मध्ये आठ. 1938 मध्ये गृहमंत्री उऱ्हो केक्कोनेन यांनी त्यांच्यावर बंदी घालायचा प्रयत्न केला, तो न्यायालयात टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धात 1941 ते 43 या काळात सर्वपक्षीय मंत्रिमंडळात त्यांचा एक मंत्रीही होता. सत्तेच्या सर्वांत जवळ ते तेवढेच पोचले. 1944 च्या शस्त्रसंधीनंतर पक्ष बंद झाला.

1937 मध्ये स्वीनहुवुद हरले, कॅल्लिओ राष्ट्राध्यक्ष झाले आणि शेतकरी पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट यांनी कायान्देर यांच्या नेतृत्वाखाली एकत्र सरकार बनवलं. नोव्हेंबर 1939 मध्ये सोव्हिएत फौजा चाल करून आल्या तेव्हा लाल आणि पांढऱ्यांची मुलं एकाच बाजूने लढली. 1932 मध्ये मॅन्ट्सॅलावर तोफा डागल्या असत्या तर हे झालं असतं का, असा प्रश्न तिथले अभ्यासक विचारतात. उत्तर कोणाकडे असणार?

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी निर्णयाची वेळ 1932 मध्ये नव्हती. ती 5 जुलै 1930 ला येऊन गेली, संसदेच्या समितीतून दोन खासदार उचलले गेले तेव्हा. त्या दिवशी संसदेच्या आवारात राज्याचा हुकूम चालत नव्हता आणि दोन दिवसांनी त्याच चळवळीच्या मोर्चाला मानाने वागवलं गेलं. उचललेले खासदार नावडते होते, म्हणून गुन्हा छोटा ठरला. माजी राष्ट्राध्यक्षाला पळवण्याची हिंमत त्यातूनच आली. तेव्हा पोलिसांनी आणि न्यायालयांनी नेहमीचा फौजदारी कायदा चालवला असता तर खास कायद्याची गरज पडली असती असं मला वाटत नाही.

त्या खास कायद्याबद्दलही बोलायला हवं. तो 1932 मध्ये कामाला आला म्हणून चांगला होता, असा निष्कर्ष काढणारे आहेत. तो कामाला आला कारण वापरणारा माणूस कायद्याला धरून होता. 151 ऐवजी 149 चा आकडा कोणाच्या बाजूने पडतो यावर अशा हत्याराचा भरवसा असू नये. आणि विरोधाभास असा की या खेपेला स्टॉलबर्ग राष्ट्राध्यक्ष असते तर राज्यघटना जास्त सुरक्षित हातांत असती, पण रेडिओवरचं त्यांचं भाषण ऐकून किती संरक्षक घरी गेले असते? बहुधा कोणी नाही.

भाषणातल्या दुसऱ्या मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. ‘माझ्याविरुद्ध व्यक्तिशः’ हे शब्द त्या रात्री लागू पडले, पण त्यात संसद आणि सुनिला यांचं सरकार बाजूला पडलं. संसदेला उत्तरदायी असलेल्या सरकारऐवजी एका वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दावर शांतता टिकली. असल्या प्रसंगी पंतप्रधानांनीही, निदान त्याच संध्याकाळी, बोलायला हवं होतं. तसं केल्याने भाषणाचा प्रभाव कमी झाला असता, हा प्रतिवाद मी खोडू शकत नाही.

साध्या संरक्षकांना अभय दिलं ते योग्यच. पुढाऱ्यांना मिळालेल्या शिक्षांबाबत मात्र मत बनवणं अवघड जातं. म्युनिकनंतर हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि तो वर्षभराच्या आसपास सुटला. फिनलंडने कागदावरच त्याहून कमी दिली. तरी निकाल उलटा लागला. म्हणजे फरक शिक्षेच्या मुदतीने पडला नाही. सुटून आल्यावर पुढाऱ्यांची काय वाट पाहत होतं, त्याने पडला. फिनलंडमध्ये मधल्या पक्षांनी त्यांच्याशी घरोबा पुन्हा सुरू केला नाही. पुराणमतवादी पक्षानेही 1933 च्या युतीनंतर, यू. के. पासिकिवी अध्यक्ष झाल्यावर, आयकेएलपासून अंतर ठेवलं.

राहता राहिले सिह्वो. हुकूम पाळला जाईल याची खात्री त्यांनी करून घेतली नसती तर भाषणाला पाठबळच नव्हतं. जानेवारी 1933 मध्ये स्वीनहुवुद यांनीच त्यांना सेनाप्रमुखपदावरून दूर केलं. उजव्या गोटाला ते नको होते, आणि बंड शमवताना जोडलेल्या मनांचा हिशेब असा चुकता झाला असावा. या सगळ्या प्रकरणातला हा एकच निर्णय असा आहे की ज्याची बाजू मला घेता येत नाही. 1946 मध्ये सिह्वो यांना परत बोलावून संरक्षण दलांचं प्रमुखपद दिलं गेलं, आणि ते 1953 पर्यंत त्या पदावर राहिले.